अहवालाचे पहिले पान

शके अठराशे शहाण्णव, वैशाख वद्य पक्षातील शनिवार. इसवी सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. स्थळ : सोलापूर, शुक्रवार पेठ, एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयाची माडी. चौकशी अधिकारी : रामहरी नारायण मोहोळकर, निवृत्त मराठी शिक्षक. चौकशीचा विषय : संस्थेच्या शाळेतील पितळी घंटेची चोरी. आरोपित : शिपाई भीमाबाई.

इतका मजकूर रामहरी मास्तरांच्या मनात शब्दशः तयार होता. कागदावर मात्र अद्याप एक अक्षरही उमटले नव्हते. याचे कारण असे की, लिहिण्यास आरंभ करण्यापूर्वी ज्या गोष्टी यथास्थित असाव्या लागतात, त्यांपैकी एकही त्या टाइपरायटरवर यथास्थित नव्हती.

यंत्र संस्थेचे होते. त्यावर संस्थेचे लेखनिक हिंदुराव फीच्या सूचना आणि सुट्टीची पत्रके काढीत. त्यांनी डावा समास कागदाच्या अगदी काठाला नेऊन ठेवला होता आणि उजवा कोठेच ठेवला नव्हता; त्यामुळे ओळ संपेल तेथे शब्द तुटे, आणि उरलेला अर्धा शब्द पुढल्या ओळीच्या आरंभी अनाथासारखा उभा राही. रिबन मधोमध झिजून करडी पडली होती. रोलरवर जुन्या कार्बनचे डाग होते. अशा यंत्रावर एका बाईच्या चारित्र्याचा निर्णय लिहावयाचा, ही कल्पनाच मास्तरांना सहन होण्यासारखी नव्हती. त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला, मग ओल्या फडक्याने रोलर पुसला, आणि रिबन उलटी फिरवून तिची न वापरलेली कड वर आणली.

"मास्तर, यंत्राला आंघोळ घालून झाली का?" हिंदुरावांनी आपल्या टेबलावरून विचारले. "गंध लावायचं ऱ्हायलंय बघा."

"जे शुद्ध करून घेतले नाही त्यावर शुद्ध लिहिता येत नाही, हिंदुराव."

"लिवा बाबा. मला काय. अध्यक्ष आबा चार वाजता येणार, तवर माझं काम हितं बसून घाम पुसायचं."

हिंदुरावांची ही कुरकूर मास्तरांच्या विरुद्ध नव्हती. ती एकंदर जगाच्या विरुद्ध होती. रेल्वेचा संप चालू असल्यामुळे कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात असलेला त्यांचा धाकटा भाऊ बायकामुलांसह त्यांच्या दोन खोल्यांत येऊन राहिला होता, आणि गेले काही दिवस हिंदुरावांना झोप अशी मिळाली नव्हती. वरून माडीला पत्रे. वैशाखातील सोलापूरची दुपार त्या पत्र्यांवर चढून बसली होती. पंखा होता, परंतु वीज नव्हती.

मास्तरही थकलेले होते. चौकशी त्यांनी मागून घेतली नव्हती. निवृत्तीनंतर मनुष्याला कोणी विचारीत नाही, ही त्यांची तक्रार होती. आणि विचारले तेव्हा हे विचारले. साक्षी झाल्या होत्या, जबाब झाले होते, आता केवळ अहवाल लिहून अध्यक्षांपुढे ठेवावयाचा होता. टाइपरायटिंग ते निवृत्तीनंतरच शिकले होते, कारण आपले वाक्य दुसऱ्याच्या बोटांतून जाताना त्याचे काय होते, हे त्यांनी शाळेच्या स्मरणिकेच्या वेळी एकदा पाहिले होते.

त्यांनी कागद घेतला, तो उभा दुमडला, पुन्हा एकदा दुमडला, आणि घडीवर नख फिरवून उलगडला. डाव्या हाताची चौथाई मोकळी सोडावयाची, ही जुन्या दप्तरांची रीत. त्या घडीशी जुळवून त्यांनी समासाचा खटका सरकवला. सरकवला तो एक घर पुढे गेला, म्हणून मागे घेतला. मागे घेतला तो दोन घरे गेला. उजवीकडे चार बोटे मोकळी ठेवली. परिच्छेदाच्या आरंभासाठी टॅबची खूण लावली आणि ती दोनदा चालवून पाहिली. ओळींतील अंतर दुहेरी केले. लिहिलेल्या मजकुराइतकाच न लिहिलेला कागदही वाचणाराच्या कामी येतो, तेथे त्याचा श्वास राहतो, असे ते वर्गात सांगत असत. मुले हसत असत.

पहिल्या कागदावर त्यांनी केवळ एक ओळ काढून पाहिली. ती किंचित चढती आली. कागद काढला, कडा जुळवून पुन्हा चढवला.

जिन्यावर पावले वाजली. भीमाबाई वर आली. हातात पाण्याची कळशी होती. तिला शिमग्यापासून कामावरून दूर ठेवले होते. तिने पाणी आणण्याचे कारण नव्हते. परंतु खाली आड होता, वर माठ रिकामा होता, आणि रिकामा माठ पाहून परत फिरणे तिला जमले नसावे.

"बाई, तुमाला कोनी सांगितलं पानी भराया?" हिंदुराव म्हणाले. "आता म्हनतील, बाईनं माठ बी नेला."

"न्या म्हनलं तर नीन की," भीमाबाई म्हणाली. "घंटंपरीस हलका हाय."

हिंदुराव हसले. मास्तर हसले नाहीत. भीमाबाईने माठ भरला, पदराने कपाळ पुसले आणि उंबऱ्याशी, आत नाही व बाहेरही नाही, अशी बसली. पन्नाशीची, उंच, हाडापेराने मोठी बाई. नवरा गिरणीत असतानाच गेला. ती प्रथम विड्या वळीत असे, नंतर शाळेत लागली.

"मास्तर, एक इचारू का?"

"विचारा."

"काय लिवनार तुमी?"

"जे सिद्ध झाले ते."

"ते व्हय. पर म्हंजी काय?"

मास्तरांनी यंत्रावरून हात काढले. चौकशी अधिकाऱ्याने आरोपितास निष्कर्ष आगाऊ सांगू नये, हे त्यांना ठाऊक होते. परंतु ही बाई रोज येऊन खालच्या पायरीवर बसत होती, आणि तिला काही न सांगण्याचा त्यांना आता कंटाळा आला होता.

"तुम्ही घंटा घेतली नाही, असे लिहिणार."

भीमाबाईने रिकामी कळशी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "असंच लिवा. नोकरीचं मी बोलत न्हाय, मास्तर. पानं-तंबाखू घेऊन पुन्यांदा इड्या वळाया बसंन. हाताला सवं हाय अजून. पर आमच्या बोळात नळावर बाया घागर सरकून घेत्यात मी आले की. पोरं घंटा घंटा करून वरडत्यात. मी घेतली न्हाय, एवढं कागदावर पायजे मला. बाकी न्हाय दिलं तरी चालंल."

"तेच मिळेल."

"व्हय. पर लवकर लिवा की. सकाळधरनं नुस्ता खटका सरकवताय."

आता घंटेचे प्रकरण असे होते. शाळेच्या व्हरांड्यात, तुळईच्या आकड्याला, एक जुनी जड पितळी घंटा टांगलेली असे. शिमग्याच्या सुट्टीत ती नाहीशी झाली. व्हरांड्याला लोखंडी जाळीचे दार होते, दाराला कुलूप होते, कुलुपाची एकुलती चावी भीमाबाईजवळ होती; तेव्हा घंटा तिनेच नेली किंवा नेऊ दिली, अशी मुख्याध्यापकांची लेखी तक्रार. तक्रार चांगली होती. मास्तरांनी ती प्रथम वाचली तेव्हा त्यांनाही पटली. पुढे चौकशीत रंगारी सिद्राम याने सांगितले की, सुट्टीत शाळेला रंग चालला होता, आणि जाळीचे ते दार बिजागऱ्यांतून उतरवून, रंग वाळण्यासाठी, आठवडाभर मागच्या भिंतीला टेकवून ठेवले होते. मास्तरांनी मुख्याध्यापकांना विचारले, "त्या दिवसांत दार जागेवर होते काय?" मुख्याध्यापकांनी आठवून पाहिले, पाणी मागितले, आणि नव्हते असे सांगितले. कुलूप होते, चावी होती, दार नव्हते. घंटेखाली रंगाऱ्यांची परांची उभी होती. रस्त्याने जाणारा कोणीही आत येऊन, परांचीवर चढून, घंटा उतरवू शकत होता. ती कोणी उतरवली हे चौकशीतून कळले नाही, आणि ते ठरवण्याचे काम मास्तरांना सांगितलेलेही नव्हते.

हे सर्व एका परिच्छेदात सांगता येते. नुकतेच ते येथे सांगितलेही आहे. परंतु मास्तरांची निष्ठा जुन्या गद्यावर होती, आणि जुन्या शास्त्रार्थाची शिस्त अशी की, आधी पूर्वपक्ष मांडावा. प्रतिपक्षाला स्वतःला साधले नसते इतक्या समर्थपणे मांडावा. त्याच्या बाजूचे एकही प्रमाण दडवू नये. आणि मग त्याचे एकेक अंग घेऊन खंडन करीत सिद्धान्तापर्यंत यावे. निष्कर्ष आधी सांगणारा मनुष्य वाचकाला पटवीत नाही, दटावतो, असे त्यांचे मत होते. या मतासाठी ते शिक्षकांच्या खोलीत अनेकांशी भांडले होते, आणि त्यांपैकी कोणाशीही त्यांचा पुढे चहा झाला नव्हता.

त्यांनी टंकन सुरू केले. खट्, खट्, खट्. शब्द एकामागून एक येऊन आपापल्या जागी बसू लागले. उजवीकडील समास जवळ आला की यंत्र इशारा देई, मास्तर शब्द पुरा करीत, आणि कॅरेज परत लोटीत. स्थळकाळ झाले. चौकशीचे अधिकार कोणत्या ठरावाने मिळाले ते झाले. मग तक्रार आली. ती त्यांनी अशी मांडली की, मुख्याध्यापकांनी स्वतः वाचली असती तर आपण इतके मुद्देसूद बोललो होतो याचे त्यांना नवल वाटले असते. "संरक्षणाचे साधन ज्याच्या एकट्याच्या स्वाधीन, त्या वस्तूच्या नाशाची जबाबदारीही प्रथमदर्शनी त्याच्या एकट्याचीच ठरते," या वाक्यावर पान संपले. मास्तरांनी ते काढून दुरून पाहिले. डावी चौथाई मोकळी, ओळींत हवा, परिच्छेद सारखे. बऱ्याच दिवसांनी त्यांना बरे वाटले.

हिंदुराव उठून मागे येऊन उभे राहिले होते. ते वाचीत होते. वाचता वाचता त्यांनी टोपी काढली आणि डोके खाजवले.

"मास्तर, हे पयलं पान?"

"होय. अशी चार होतील."

"आणि बाई निर्दोष हाय, ते कुटं येनार?"

"चौथ्यावर. अखेरीस."

"मग बाई गेली म्हना."

"म्हणजे?"

"आबा पयलंच पान वाचत्यात की!"

मास्तर वळले. हिंदुरावांनी जे सांगितले त्याचा सारांश असा. संस्थेचे अध्यक्ष महिपती आबा वेळापूरचे शेतकरी. मराठी सातवी झालेले. पूर्वी ते समोर येईल त्या कागदावर सही करीत. एकदा कोणी एक जाडजूड बाड पुढे ठेवले, आबांनी त्यावर सही केली, आणि नंतर समजले की, शाळेच्या मैदानाची रस्त्याकडची पट्टी आपल्याच सहीने गेली. तेव्हापासून त्यांनी नेम धरला : माझ्यापुढे पहिले पान ठेवा, ते मी ओळीवर बोट ठेवून वाचीन, आणि त्यात जे असेल त्यावर निकाल देईन, मागच्या पानांत काय दडवले आहे ते मला दाखवू नका.

"हे तुम्ही मला आधी का सांगितले नाही?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी समास इचारला."

"परंतु हा नेम चुकीचा आहे! पहिले पान म्हणजे पूर्वपक्ष. पूर्वपक्ष वाचून निकाल देणे म्हणजे फिर्याद ऐकून आरोपीला—"

"मला कशाला पटवताय? मी कुटं अध्यक्ष हाय?"

"अध्यक्षांनी दुसरे पान वाचावयास शिकले पाहिजे."

"शिकवा की. चार वाजता येत्यात. दुपार पडलीया."

हातातले पान मास्तरांनी पुन्हा वाचले, आणि आपण ते किती चांगले लिहिले आहे हे त्यांना या खेपेस निराळ्या रीतीने दिसले. त्या पानावर भीमाबाईच्या विरुद्ध जेवढे म्हणता येण्याजोगे होते तेवढे सर्व होते. तिच्या बाजूचा एक शब्द नव्हता.

"एक उपाय हाय," हिंदुराव जरा मवाळपणे म्हणाले. "वरच एक ओळ टाका. ‘बाईंचा सहानुभूतीने विचार व्हावा.’ आबा दिलदार मानूस हाय. बाई विधवा, इतकी वरसं नोकरी. माफ करून टाकतील. बाई जूनपासून कामावर. मागली पानं तुमी कशी बी लिवा, चार लिवा, चाळीस लिवा."

"माफ?" उंबऱ्यावरून आवाज आला. "काय केलं मी, माफ कराया?"

"बाई, नोकरी ऱ्हातीया न्हवं?"

"त्येच तर सांगितलं मगाशी, हिंदुराव. नोकरीचं बोलत न्हाय म्हून."

हिंदुरावांनी दोन्ही हात वर केले व ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. "बरं. दोघं बी शान्नव कुळी. मधी मी मरतो."

मास्तरांनी हातातले पान बाजूला ठेवले. बाईचे म्हणणे बरोबर होते. नुसता निष्कर्ष वर लिहिला, तर तो कारणांवाचून दयेसारखा दिसेल. नुसती कारणे क्रमाने लिहिली, तर निष्कर्षापर्यंत कोणी पोचणार नाही. तेव्हा दोन्ही एकाच पानावर आली पाहिजेत. चार पानांचे एक पान झाले पाहिजे. हा प्रश्न आता शैलीचा राहिला नव्हता. कागदावर जागा किती हा होता.

त्यांनी कपाटातून फुलस्केप कागद काढला. तो लांब होता, आणि लांब असला तरी पान एकच. दुमडण्यासाठी हात गेला. तो त्यांनी आवरला. डावा समास एक बोट ठेवला. उजवा अर्धे बोट. खटके सरकवताना लोखंड करकरले. टॅबची खूण काढून टाकली. परिच्छेद वेगळा पाडण्यास आता जागा नव्हती. मग ओळींतील अंतर एकेरी केले आणि दोन ओळी काढून पाहिल्या.

त्या वाचता येत नव्हत्या. मराठी अक्षराला इंग्रजीसारखे आपल्या घरात राहणे ठाऊक नाही. त्याचे उकार पायाखाली लोंबतात, त्याच्या वेलांट्या व रफार डोक्यावर चढतात. एकेरी अंतरात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसले आणि सगळे जाळे झाले. दुहेरी अंतर ठेवावे तर पान पुरत नव्हते. यंत्राला यांच्या मधले अंतर माहीत नव्हते.

मास्तरांनी रोलरची कळ सैल केली. आता रोलर दात्यांवाचून मोकळा फिरू लागला. ओळ संपली की तो हाताने, अंदाजाने, दीड ओळ फिरवावयाचा. पहिल्या खेपेस अंतर कमी पडले. दुसऱ्या खेपेस जास्त झाले. त्यांनी कागद काढला, दुसरा चढवला. मग कागदाच्या पाठीला शिसपेन्सिलीने डाव्या कडेशी ओळींच्या खुणा केल्या आणि प्रत्येक ओळीला खाली वाकून ती खूण पट्टीशी जुळवू लागले.

"मास्तर, तुमी कागद लिवताय का कपडा इनताय?" हिंदुरावांनी विचारले. परंतु ते उठले, आणि पत्र्यावरून येणारी झळ अडवण्यासाठी त्यांनी खिडकीवर ओले पोते टांगले.

यापुढचे काम यंत्राचे नव्हते. चार पानांतून काय काढावयाचे? अधिकार कोणत्या ठरावाने मिळाले ते गेले. साक्षींचा क्रम गेला. ‘प्रथमदर्शनी’ गेले, ‘एकट्याच्या स्वाधीन’ गेले. पूर्वपक्ष चार ओळींचा उरला, आणि तो चार ओळींत मांडताना मास्तरांना असे वाटले की, आपण एका सभ्य माणसाला दारातच बोलून परत पाठवीत आहोत. त्यांनी तो तरीही पुरता काढला नाही. ज्याचे म्हणणे ऐकलेच नाही त्याचे खंडन करणारा, त्यांच्या मते, गल्लीतला भांडखोर होता. रंगाऱ्याची साक्ष राहिली. मुख्याध्यापकांची कबुली राहिली. दार राहिले. आणि सर्वांत वर, आरंभालाच, जेथे त्यांनी आयुष्यात कधी निष्कर्ष लिहिला नव्हता, तेथे त्यांनी लिहिले : "भीमाबाई यांनी घंटा चोरली नाही, कारणे खालीलप्रमाणे."

ते वाक्य त्यांना आवडले नाही. ‘खालीलप्रमाणे’ हा शब्द त्यांनी वर्गात फळ्यावर लिहून खोडून दाखवला होता. परंतु त्याने जागा कमी घेतली.

मान दुखू लागली. डोळ्यांपुढे खुणा हलू लागल्या. भीमाबाईने पेल्यात पाणी आणून ठेवले, त्यांनी ते प्यायले, आणि कोणी आणले हे त्यांच्या लक्षात आले नाही. शेवटची ओळ कागदाच्या अगदी काठाशी आली. तिथे रोलरची पकड सुटत असल्यामुळे ती वाकडी उतरली. सर्व मावले होते. पान काळेकुट्ट दिसत होते. त्यात श्वास घेण्यास कोठे जागा नव्हती. मास्तरांनी खाली सही केली आणि ते न वाचताच हिंदुरावांच्या टेबलावर ठेवले.

महिपती आबा जीपने आले. जिना चढून येताच त्यांनी फेटा काढून टेबलावर ठेवला, माठातले पाणी उभ्यानेच प्यायले, आणि खुर्चीत बसले. साठीचे, काळेसावळे, जड पापण्यांचे गृहस्थ. इतर सभासद यावयाचे होते, परंतु असे लहान विषय आबा आधीच उरकीत.

"काय हाय?"

"घंटेचा अहवाल, आबा," हिंदुराव म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे सरकवला.

आबांनी तो उलटून पाहिला. पाठीमागे पेन्सिलीच्या खुणांशिवाय काही नव्हते.

"बाकीची पानं?"

"एवढंच हाय."

"मास्तरांचा अहवाल आन् एवढाच?" आबांनी मास्तरांकडे पाहिले. "बरं न्हाय का वाटत?"

"थकलो आहे," मास्तर म्हणाले.

आबांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवले आणि ओठ हलवीत वाचू लागले. बोट सावकाश सरकत होते. मध्ये ते थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. भीमाबाई उंबऱ्याबाहेर उठून उभी राहिली. हिंदुराव पेनचे टोपण काढून बसले.

"दार काढून ठेवलं हुतं?"

"होय," मास्तर म्हणाले.

"ह्ये हेडमास्तर सोता बोलला?"

"माझ्यासमोर बोलले. जबाबावर सही आहे."

"मग चावी घिऊन काय चाटायची?" आबांनी चष्मा काढला. "बरं. समजलं. बाई गरीब हाय, जुनी हाय. आपुन असं करू. हिंदुराव, लिवा. झालं गेलं इसरून बाईला या खेपेला माफ केलंय, शाळा उघडली की कामावर घ्यावं. हेडमास्तराला बी वाईट वाटायला नको, बाईचं बी भलं झालं."

हिंदुरावांनी पेन टेकवले.

"नाही," मास्तर म्हणाले.

"काय न्हाय?"

"माफ असे लिहिता येणार नाही. माफी अपराधाला असते. अपराध झाला नाही, असे तुमच्या हातातील कागदावर पहिल्याच ओळीत आहे."

"मास्तर, तुमचं बरोबर हाय. पर बाईचं काम झालं न्हवं? मग शब्दाला कशाला धरून बसता?"

"माझ्या शब्दांचे काय करावयाचे ते मी दुपारीच केले आहे, आबा. ‘घेतली नाही’ हा शब्द माझा नव्हे. तिचा आहे."

"आन् हेडमास्तर? त्यानं माझ्याम्होरं बाईला चोर म्हनलंय. आता मी न्हाय म्हनलो तर तो खोटा पडतो. जून म्हैन्यात त्याच्या तोंडाकडं कसं बघू मी?"

"त्यांनी खोटे सांगितले, असे मी म्हटलेले नाही. ते दार विसरले. विसरल्याची माफी करावयाची असेल तर त्यांना करा."

हिंदुरावांना खोकला आला. आबा मास्तरांकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की केवळ उन्हाचा शीण, हे सांगता येत नव्हते. मग त्यांनी दाराकडे मान वळवली.

"बाई, आत या. तुमी सांगा. माफ केलं म्हून कामावर घेतलं, तर चालंल का न्हाय?"

भीमाबाई आत आली. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

"आबा, माफ केलं म्हंजी मी घेतली म्हनायची की."

"तसं कोन म्हनंल?"

"समदी म्हनतील. तुमी बी म्हनाल, दोन सालानं. ‘त्या येळंला माफ केलं हुतं, बाई,’ म्हनाल. मला घरी बसवायचं तर बसवा. पर घेतली न्हाय म्हून बसवा."

खाली रस्त्यावर बर्फगोळेवाल्याची घंटी वाजत गेली. आबांनी पुन्हा चष्मा लावला. कागद उचलला. पहिल्या ओळीवर बोट ठेवले, आणि या खेपेस ओठ न हलवता, संथपणे, पार शेवटच्या वाकड्या ओळीपर्यंत आले. वाचून झाल्यावर कागद खाली ठेवला, त्यावर पंजा ठेवला, आणि एक मोठा श्वास सोडला.

"बारीक लई लिवलंय, मास्तर. डोळं गेलं."

"जागा नव्हती."

"हिंदुराव, मगाशी लिवलं ते खोडा."

"लिवलं न्हवतं, आबा."

"बरं केलं. आता लिवा." आबांनी फेटा उचलून गुडघ्यावर घेतला. "भीमाबाईनं घंटा घेतली न्हाय."